चित्रकूटगडावरील जैन मंदिरे आणि ती उभारणारे श्रेष्ठी

चितोडगडाचे नाव उच्चारताच आपल्या मनश्चक्षूंपुढे जौहराच्या ज्वाळा, राणा संगाच्या अंगावरील जखमा आणि महाराणा प्रतापांची मूर्ती उभी राहते. ते स्वाभाविकच आहे. परंतु याच गडाची दुसरीही एक कथा आहे, आणि ती तलवारीने लिहिलेली नसून लेखणीने, टाकीने व वहीने लिहिलेली आहे. ती आचार्यांची आणि श्रेष्ठींची कथा होय. जैन वाङ्मयात हा गड ‘चित्रकूट’ या नावाने सुमारे बाराशे वर्षे गाजत आला आहे. ज्या व्यापारी समाजासाठी हे पान लिहिले जात आहे, त्याच समाजातील माणसांनी या डोंगरावर मंदिरे बांधली, पडलेली पुन्हा उभारली, राज्याचा खजिना सांभाळला आणि प्रसंगी आपली थैलीही रिकामी केली. म्हणून चितोडचे दर्शन हे आपल्यासाठी केवळ प्रवास नव्हे. तो आपल्या पूर्वजांच्या जमाखर्चाचा ताळा पाहणे आहे, अशी आमची समजूत आहे.

डोंगरी किल्ल्यावर जैन मंदिरे असणे ही काही अपूर्व गोष्ट नव्हे. ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या कड्यात तोमर राजांच्या काळी, पंधराव्या शतकात, कोरलेल्या प्रचंड जिनमूर्ती आमच्या तिकडील बंधूंना परिचित आहेत. बेळगावचा किल्ला डोंगरी नसला, तरी त्यातील कमल बस्ती इ. स. १२०४ च्या सुमाराची असून ती रट्ट राजाच्या मंत्र्याने बांधविली. परंतु आचार्यपरंपरा, मंदिरे, शिलालेख आणि श्रेष्ठींची चरित्रे ही चारही एकाच डोंगरावर पाहावयाची असतील, तर चितोडकडेच वळावे लागते.

गडाची वाट

माळव्यातून जाणाऱ्यांस रतलाम, मंदसौर व नीमच या मार्गाने चितोडगड गाठणे सोयीचे पडते. गुजरातकडील मंडळी उदयपूरवरून येतात. कार्तिकापासून फाल्गुनापर्यंतचा काळ उत्तम. उन्हाळ्यात येथील खडक तव्यासारखा तापतो.

मैदानातून हा डोंगर एखाद्या लांबट गलबतासारखा दिसतो. त्याची उंची पायथ्यापासून सुमारे १८० मीटर असून माथ्याचा विस्तार २८० हेक्टरांच्या आसपास आहे. खाली गंभीरी नदी वाहते. तिच्यावरील जुन्या कमानदार पुलावरून जाताना घटकाभर थांबावे, असे आम्ही सुचवितो. हा पूल खिलजींच्या अमलातील मानला जातो, आणि त्याच्या बांधकामात पडलेल्या मंदिरांचे दगड वापरलेले आहेत. त्यांतील काहींवर लेख आहेत. राजा तेजसिंहाच्या काळातील विक्रम संवत १३२४ चा, म्हणजे इ. स. १२६७ च्या सुमाराचा, जैन आचार्यांचा उल्लेख असलेला लेख याच पुलात सापडला. ज्या दगडावर एखाद्या सज्जनाने आपल्या धर्मकृत्याची नोंद कोरून ठेविली, तो दगड पुढे पुलाच्या कमानीत उभा राहिला आणि त्यावरून शतकानुशतके माणसे व गाड्या गेल्या. गडावर पाय ठेवण्यापूर्वीच मिळणारा हा पहिला धडा आहे.

नंतर चढण लागते. पाडन पोल, भैरव पोल, हनुमान पोल, गणेश पोल, जोडला पोल, लक्ष्मण पोल आणि राम पोल असे सात दरवाजे ओलांडून वळणावळणाने वर जावे लागते. वाहन वरपर्यंत जाते. तथापि ज्यांच्या पायांत बळ आहे त्यांनी निदान एकदा तरी ही वाट चालून पाहावी. इ. स. १३०३ मध्ये अल्लाउद्दीन खिलजीने, १५३५ मध्ये गुजरातच्या बहादुरशाहाने आणि १५६८ मध्ये अकबराने हा गड घेतला. १६१५ च्या तहाने तो मेवाडला परत मिळाला खरा, पण त्याची डागडुजी करावयाची नाही, या अटीवर. गडावर आज दिसणाऱ्या पडझडीचे बरेचसे कारण या चार सालांत सापडते. गडावर अद्यापही वस्ती आहे, तळी आहेत, शेते आहेत; सीताफळांच्या दिवसांत ती दारोदार विकावयास ठेवलेली दिसतात. २०१३ मध्ये राजस्थानातील इतर पाच डोंगरी किल्ल्यांसह चितोडची जागतिक वारसास्थळांत गणना झाली.

आचार्यांचे चित्रकूट

मंदिरांकडे वळण्यापूर्वी या स्थळाची विद्येची परंपरा ध्यानी घेतली पाहिजे. कारण जेथे ज्ञान नांदले तेथेच पुढे दानही वाहिले.

आठव्या शतकातील हरिभद्रसूरी हे चित्रकूटचे. ते जन्माने ब्राह्मण व प्रकांड पंडित होते. ज्याचे वचन आपणास समजणार नाही त्याचे शिष्यत्व पत्करावयाचे, अशी त्यांची प्रतिज्ञा असल्याची कथा आहे. एके दिवशी रस्त्याने जाताना याकिनी महत्तरा या साध्वीच्या मुखातून एक गाथा त्यांच्या कानी पडली आणि तिचा अर्थ काही लागेना. प्रतिज्ञेला जागून ते नम्रपणे तिच्याकडे गेले. तिने त्यांना आपल्या गुरूंकडे पाठविले. पुढे हे महापंडित आपल्या ग्रंथांच्या अखेरीस स्वतःला अभिमानाने ‘याकिनी महत्तरेचा पुत्र’ म्हणवीत राहिले. ‘समराइच्चकहा’, ‘षड्दर्शनसमुच्चय’, ‘योगदृष्टिसमुच्चय’ हे त्यांचे ग्रंथ विद्वज्जनांस ठाऊक आहेतच. परमताचा विचार किती निष्पक्षपणे करावा, याचा आदर्श म्हणून त्यांच्याकडे आजही बोट दाखविले जाते.

दिगंबर परंपरेतही चित्रकूटचे स्थान तितकेच उच्च आहे. ‘षट्खंडागमा’वरील ‘धवला’ टीकेचे कर्ते वीरसेनाचार्य यांनी चित्रकूटपुरी राहणाऱ्या एलाचार्यांपाशी सिद्धान्ताचे अध्ययन केले, असे इंद्रनंदीच्या ‘श्रुतावतारा’त सांगितले आहे; आणि हे चित्रकूट म्हणजे चितोडच, असे सामान्यतः मानले जाते. ‘धवला’ पुरी झाली त्याचे साल इ. स. ८१६ असे सांगण्याची रूढी आहे. जेथे ती लिहिली गेली ते वाटग्राम कोणी वडोदऱ्याकडे शोधतात, कोणी नाशिकच्या परिसरात. या ग्रंथाची ताडपत्रे पुढे शतकानुशतके मूडबिद्रीस बंद राहिली, आणि डॉ. हीरालाल जैन यांच्या संपादकत्वाखाली त्याचा पहिला भाग १९३९ मध्ये अमरावतीहून छापून निघाला. चितोडला मिळालेले ज्ञान कर्नाटकात जतन झाले व वऱ्हाडातून जगापुढे आले, हा योग किती विलक्षण आहे!

बाराव्या शतकाच्या आरंभी खरतर गच्छाचे जिनवल्लभसूरी आणि त्यांच्यामागून जिनदत्तसूरी यांना आचार्यपद मिळाले तेही याच नगरीत. त्याच शतकातील एक लहानसा पुरावा आम्हांस विशेष मोलाचा वाटतो. गडावरील समिद्धेश्वराच्या मंदिरात गुजरातच्या कुमारपाल राजाचा इ. स. ११५० चा लेख आहे. देऊळ शिवाचे आहे, आणि त्या लेखाचे रचनाकार आहेत रामकीर्ती नावाचे दिगंबर मुनी. शिवालयाची प्रशस्ती दिगंबर साधूने रचावी, आणि ती तेथेच सन्मानाने राहावी, यात त्या काळच्या समाजाची समजूत दिसून येते.

साह जीजाचा कीर्तिस्तंभ

गडाच्या पूर्व बाजूस, सूरज पोलच्या अलीकडे, कीर्तिस्तंभ उभा आहे. येथे वाचकांना एक सूचना आवर्जून करावीशी वाटते. गडावर स्तंभ दोन आहेत. राणा कुंभाने माळव्याच्या सुलतानावरील विजयाच्या स्मरणार्थ उभारलेला नऊ मजली विजयस्तंभ १४४८ मध्ये पुरा झाला, आणि त्याची उंची १२२ फूट आहे. बहुतेक प्रवासी तो पाहून गड पाहिल्याचे समाधान मानतात. कीर्तिस्तंभ त्याहून लहान आहे. पण तो वयाने वडील आहे. विजयस्तंभाच्या कल्पनेस हाच आदर्श झाला असावा, असे अनेकांचे मत आहे.

कीर्तिस्तंभ सुमारे पंचाहत्तर फूट उंच व सात मजली असून तो प्रथम तीर्थंकर भगवान आदिनाथांना अर्पण केलेला आहे. खालच्या भागात चारी बाजूंस आदिनाथांच्या दिगंबर खड्गासन मूर्ती आहेत. त्यांच्यावर अगदी शिखरापर्यंत लहान लहान जिनमूर्तींच्या ओळी कोरलेल्या आहेत. आत अरुंद जिना असून माथ्यावर स्तंभांवर तोललेली छत्री आहे. दक्षिणेकडील वाचकांना बस्तीपुढचे मानस्तंभ परिचित असतात. ते अखंड दगडाचे असतात व त्यांत प्रवेश नसतो. येथे मात्र मानस्तंभाची कल्पना पोकळ मनोऱ्याच्या रूपाने साकार झाली आहे.

हा स्तंभ कोणा राजाने बांधलेला नाही. बघेरवाल ज्ञातीच्या साह जीजा नावाच्या व्यापाऱ्याने तो उभारण्यास आरंभ केला आणि त्याचा पुत्र पुण्यसिंह याने काम तडीस नेले. काळाविषयी विद्वानांत मतभेद आहे. कोणी तो बाराव्या शतकात नेतात, तर लेखांच्या आधारे अनेक जण तेराव्या शतकाचा उत्तरार्ध मानतात. हा दुसरा निर्णय ग्राह्य धरला, तर स्तंभावरील छिन्नीचे घाव ताजे असतानाच गडाला १३०३ चा वेढा पडला, असे म्हणावे लागते. गड तीनदा पडला, स्तंभ मात्र उभा राहिला. त्याची छत्री वीज पडून ढासळली होती. ती महाराणा फतेहसिंह यांच्या कारकिर्दीत, म्हणजे १८८४ ते १९३० या काळात, पुन्हा उभारण्यात आली.

जीजाच्या ज्ञातीचा धागा थेट महाराष्ट्रात येऊन पोहोचतो. बघेरवाल कुटुंबे पुढे मोठ्या संख्येने वऱ्हाडात, विशेषतः कारंजा येथे, स्थायिक झाली. कारंजाची सेनगण, बलात्कारगण व काष्ठासंघ यांची मंदिरे आणि तेथील भट्टारकांची पीठे प्रसिद्धच आहेत. वऱ्हाडातील पंधराव्या शतकाच्या एका मूर्तिलेखात जीजाच्या वंशाची आठवण कोरलेली आढळते. म्हणजे मूळ भूमी सोडून शेकडो कोस दूर आलेल्या आणि पिढ्या उलटलेल्या वंशजांनी आपल्या पूर्वजाने चितोडास काय केले, ते विसरू दिले नाही. आज वऱ्हाडातील घरांत अस्खलित मराठी बोलणाऱ्या कितीतरी कुटुंबांचा पूर्वेतिहास या स्तंभापाशी येऊन मिळतो.

गुणराजाचा जीर्णोद्धार

कीर्तिस्तंभाला लागूनच भगवान महावीरांचे मंदिर आहे. राणा मोकल व राणा कुंभा यांच्या काळात गुणराज नावाच्या संघपतीने त्याचा जीर्णोद्धार करविला. हा गुणराज मोठा प्रतिष्ठित गृहस्थ असला पाहिजे. कारण गुजरातच्या अहमदशाह सुलतानाने त्याला दिलेल्या फर्मानाचा उल्लेख राणकपूरच्या १४३९ च्या शिलालेखातही येतो. मेवाडचे राणे आणि गुजरातचे सुलतान यांचे परस्परांशी वैर. परंतु व्यापाऱ्याच्या शब्दाला दोन्हीकडे मान होता.

या जीर्णोद्धाराची प्रशस्ती विक्रम संवत १४९५ मध्ये, म्हणजे इ. स. १४३८ च्या सुमारास, चारित्ररत्नगणी यांनी रचली. ती शिळेवर कोरली गेली. पण आज आपणांस ती ठाऊक आहे ती शिळेमुळे नव्हे. कोणी एका लेखकाने तिची कागदावर नक्कल करून ठेविली होती. ती प्रत जुन्या हस्तलिखितांच्या संग्रहात टिकली, आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात देवदत्त रामकृष्ण भांडारकर यांनी ती प्रसिद्ध केली. दगड गेला, कागद राहिला. ज्याने ती नक्कल केली त्याच्या पदरी फार तर थोडा वेळ व शाई खर्ची पडली असेल; परंतु गुणराजाचे नाव तारले ते त्यानेच.

सातबीस देवरी आणि शृंगार चौरी

राणा कुंभाच्या महालाजवळ ‘सातबीस देवरी’ नावाचे मंदिर आहे. सात आणि वीस मिळून सत्तावीस, म्हणून हे नाव. मुख्य मंदिर आदिनाथांचे असून भोवती देवकुलिकांची रांग आहे. येथे नित्य पूजा चालते. छतांवरील व मंडपांतील कोरीव काम पाहताना अबूच्या देवळांची आठवण होते.

त्याहून अधिक विचार करावयास लावते ती शृंगार चौरी. राणा कुंभाच्या खजिनदाराचा पुत्र वेलाक याने १४४८ मध्ये भगवान शांतिनाथांचे हे लहानसे मंदिर बांधले. विजयस्तंभ पुरा झाला तेच हे साल. राजाने त्या वर्षी नऊ मजले पुरे केले. खजिनदाराच्या मुलाने आपल्या ऐपतीप्रमाणे एकच गाभारा बांधला. पण त्या गाभाऱ्याच्या बाह्य भिंतीवरील कोरीव काम इतके नाजूक आहे की दगडाचे काम पाहतो आहोत, हे क्षणभर विसरावे. पुढे सोळाव्या शतकात बनवीराने गडाच्या आत तट घातला, तो या मंदिराला येऊन भिडला. मूर्ती राहिली नाही. आत चार खांबांची वेदी तेवढी उरली. ती पाहून लोकांनी तिला विवाहाची ‘चौरी’ ठरविले, आणि राणा कुंभाच्या कन्येचे लग्न येथेच लागले, अशी दंतकथा रूढ झाली. वाटाडे ती आजही रंगवून सांगतात. आम्ही तेथे उभे असता प्रवाशांचे तीन-चार मेळे येऊन गेले. प्रत्येकाने लग्नाची कथा ऐकली, शांतिनाथांचे नाव एकानेही ऐकले नाही. मंदिराचा लेख मात्र सत्य सांगतो. मूर्ती हलली, नाव बदलले, उपयोग विसरला गेला. पण दोन ओळींच्या कोरीव नोंदीने वेलाकाचा हक्क अबाधित ठेवला.

गोमुख कुंडाजवळ पार्श्वनाथांचे एक छोटे मंदिर आहे, तेही चुकवू नये. इतिहासकार गौरीशंकर हीराचंद ओझा यांनी ते राणा रायमलच्या काळचे असल्याचे सांगून त्यातील मूर्ती दक्षिणेतून आणलेली आहे व तिच्यावर जुन्या कन्नड लिपीतील लेख आहे, असे नमूद केले आहे. बेळगाव-धारवाडकडील बंधूंना मेवाडच्या डोंगरावर आपल्या परिसराची लिपी भेटावी, ही गोष्ट ऐकूनच मन हरखते. धर्म, व्यापार व यात्रा यांनी हा देश किती पूर्वीपासून एकत्र शिवून ठेविला आहे, याची ती साक्ष होय.

कर्माशाहाची पत

आता ज्यांचे स्मारक चितोडावर नसून अन्यत्र आहे, अशा एका श्रेष्ठीची कथा. तोलाशाहाचा पुत्र कर्माशाह हा चितोडचा दोशी, म्हणजे कापडाचा व्यापारी. त्याचे चरित्र ‘शत्रुंजयतीर्थोद्धारप्रबंध’ या समकालीन ग्रंथात आले आहे. तो मुनी जिनविजयजींनी संपादित करून प्रकाशात आणला.

गुजरातच्या सुलतानाचा पुत्र बहादुर हा पित्याशी बेबनाव होऊन १५२५ च्या सुमारास चितोडला आश्रयास आला. त्याने कर्माशाहाकडून कापड घेतले. पुढे निघताना त्याच्यापाशी वाटखर्चास पैसा नव्हता. कर्माशाहाने कोणतीही अट न घालता त्याला मोठी रक्कम दिली, असे प्रबंधकार सांगतात. हे कर्ज बुडीत जाण्याचाच संभव अधिक होता. परागंदा राजपुत्राला पैसे देणे कोणत्या शहाण्या पेढीला मानवेल? परंतु पुढच्याच वर्षी बहादुर गुजरातच्या गादीवर बसला. कर्माशाह त्याच्या भेटीस गेला. रक्कम परत मिळालीच. शिवाय सुलतानाने काय हवे ते मागावयास सांगितले. कर्माशाहाने स्वतःसाठी जकातीची माफी मागितली नाही, की मक्ता मागितला नाही. शत्रुंजय तीर्थाचा उद्धार करण्याची परवानगी तेवढी त्याने मागून घेतली. १५३१ मध्ये तो उद्धार पुरा झाला. परंपरेने त्यास सोळावा उद्धार म्हणतात. पालिताण्याच्या डोंगरावर दादांच्या ज्या मूर्तीपुढे आपण आज मस्तक नमवितो, ती कर्माशाहाने प्रतिष्ठापिलेली होय.

या कथेची दुसरी बाजू झाकून ठेवणे उचित होणार नाही. याच बहादुरशाहाने चारच वर्षांनी, १५३५ मध्ये, चितोड घेतले, आणि गडावर दुसरा जौहर झाला. ज्याला चितोडच्या व्यापाऱ्याने पैसा दिला, त्यानेच चितोड बुडविले. तेव्हा कर्माशाहाचे करणे योग्य की अयोग्य? आम्ही सोबतच्या मंडळींशी यावर पुष्कळ ऊहापोह केला. एका पक्षाचे म्हणणे असे पडले की, व्यापाऱ्याने राजकारणी पुरुषांना पैसा पुरवूच नये. दुसरा पक्ष म्हणाला की, राणा संगाने ज्याला पाहुणा म्हणून ठेवून घेतले, त्याला साह्य करणे हा यजमानधर्मच होता. आम्हांस असे वाटते की, माणसाला पुढचे दिसत नाही. हाती असते ते आजचे कर्म आणि त्यामागचा हेतू. कर्माशाहाने दिले ते अडचणीतल्या माणसाला, आणि मागितले ते सर्वांच्या तीर्थासाठी. सत्ताधीशाशी जुळलेल्या संबंधाचा उपयोग स्वतःच्या पेढीसाठी न करण्याचा संयम, हा त्याच्या चरित्रातला खरा दागिना आहे. आजच्या काळीही हा दागिना दुर्मीळच म्हणावा लागेल.

भामाशाहाची वही

गडावर एका पडक्या वाड्याला भामाशाहाची हवेली म्हणतात. हल्दीघाटीच्या १५७६ च्या युद्धानंतर महाराणा प्रताप निर्धन व निराधार झाले असता भामाशाहाने आपले सर्व धन त्यांच्या चरणी ठेविले, ही कथा आपल्या घराघरांतील मुलांना पाठ असते. ‘भामाशाह’ हा शब्दच आपल्याकडे दानशूराचा पर्याय होऊन बसला आहे.

इतिहासकार ओझा यांनी या कथेची चिकित्सा केली आहे. त्यांच्या मते मेवाडचा खजिना मुळीच संपलेला नव्हता. तो ठिकठिकाणी गुप्तपणे ठेवलेला होता आणि त्याचा हिशेब प्रधान भामाशाहापाशी होता. युद्धाच्या धामधुमीत तो त्यातून लागेल तसा पैसा पुरवीत राहिला. ‘वीरविनोद’ या मेवाडच्या इतिहासात एक हृद्य प्रसंग नोंदलेला आहे. १६०० च्या सुमारास मृत्युसमय जवळ आल्यावर भामाशाहाने आपल्या पत्नीच्या हाती एक वही दिली व सांगितले की, हिच्यात राज्याच्या खजिन्याचा सर्व तपशील आहे; ही महाराणा अमरसिंहांना पोहोचती करावी.

काही वाचकांना वाटेल की, या चिकित्सेने भामाशाहाची थोरवी उणावते. आमचे मत नेमके उलट आहे. स्वतःचे धन एकदा देऊन टाकणे थोर खरेच. पण दुसऱ्याचे अमाप धन ज्याची बिनचूक मोजदाद फक्त आपल्याच हाती आहे, असे धन, वीस-पंचवीस वर्षांच्या अंदाधुंदीत सांभाळणे आणि शेवटच्या श्वासाला त्याची वही मालकाकडे धाडणे, ही कसोटी त्याहून कठीण आहे. धन देणारे पुष्कळ निघतील; अशी वही ठेवणारे थोडे. आणि व्यापारी म्हणून आपली खरी कुळी ती वहीच सांगते.

गड काय शिकवितो

जीजा, गुणराज, वेलाक, कर्माशाह आणि भामाशाह अशी ही पाच माणसे. एकाने नवे बांधले, एकाने जुने सावरले, एकाने ऐपतीएवढे केले, एकाने पत वापरून तीर्थ उद्धरले, एकाने ठेव राखली. यांपैकी कोणतीही गोष्ट आजच्या व्यापाऱ्याच्या आवाक्याबाहेरची नाही. मग आपल्या हातून काय होत आहे?

नवी मंदिरे बांधण्यात आपला समाज मागे नाही. परंतु जुन्या मंदिरांचा जीर्णोद्धार ज्या रीतीने होतो, तिच्याविषयी स्पष्ट लिहिणे भाग आहे. पुष्कळ ठिकाणी जीर्णोद्धार म्हणजे जुना कोरीव दगड काढून गुळगुळीत फरशी बसविणे, खांबांना तैलरंग फासणे आणि दात्यांच्या नावांची नवी पाटी लावणे, असा अर्थ झाला आहे. त्या रंगाखाली जुना लेख गेला, तर नव्या पाटीवर नाव घालण्यासाठी जुन्या दात्याचे नाव आपणच पुसले, असे होते. परक्या सैन्याने गंभीरीच्या पुलात घातलेल्या दगडांबद्दल आपण हळहळतो. पण आपल्याच हातांनी झाकलेल्या लेखांची हळहळ कोणी करावयाची?

म्हणून आमच्या सभासदांपुढे चार सूचना नम्रपणे ठेवतो. पहिली, आपल्या गावच्या मंदिरातील प्रत्येक मूर्तीच्या पीठावरील लेख जाणकाराकडून वाचून घ्यावा, त्याचे छायाचित्र काढावे व नक्कल वहीत लिहून ठेवावी. ती वही मंदिराच्या पेढीवर आणि तिची एक प्रत दुसऱ्या गावी असावी. दुसरी, कोणतेही जीर्णोद्धाराचे काम हाती घेण्यापूर्वी जुन्या वास्तूची जाण असलेल्या माणसाचा सल्ला घ्यावा, आणि लेख असलेला दगड हलविणे अथवा रंगविणे टाळावे. तिसरी, आपल्या दुकानांच्या माळ्यांवर पडलेल्या जुन्या कीर्द-खतावण्या, यात्रासंघांचे हिशेब आणि वंशावळी रद्दीत घालू नयेत. मोडी वा महाजनी लिपी वाचणारी माणसे दिवसेंदिवस विरळ होत आहेत. ती आहेत तोवरच हे काम उरकले पाहिजे. चौथी, मुलांना सहलीस न्यावयाचे झाल्यास एकदा चितोडला न्यावे, आणि विजयस्तंभ दाखवून परत न फिरता कीर्तिस्तंभापर्यंत चालवीत न्यावे.

गडदर्शनाचा क्रम असा ठेवावा: सकाळी राम पोलमधून शिरून प्रथम शृंगार चौरी व सातबीस देवरी, मग विजयस्तंभ, समिद्धेश्वर आणि गोमुखाजवळील पार्श्वनाथ मंदिर, दुपार टळल्यावर पूर्वेकडील महावीर मंदिर व कीर्तिस्तंभ. एक संपूर्ण दिवस मोकळा ठेवावा. दोन घटकांत गड उरकणाऱ्यास तो काही सांगत नाही. पूजेच्या मंदिरांत त्या त्या आम्नायाची मर्यादा पाळावी. दिगंबर व श्वेतांबर या दोन्ही परंपरांच्या खुणा या डोंगरावर शेजारी शेजारी उभ्या आहेत. आपल्या व्यापारी संघातही दोन्हीकडील बंधू एकाच सतरंजीवर बसून बाजाराचे प्रश्न सोडवितात. तीच समजूत तीर्थांच्या बाबतीतही राहील, तर या वडिलांची कमाई आपण राखली असे होईल.

दानाची वार्ता पिकवून फिरावे, असे आपला धर्म शिकवीत नाही. पण नोंद ठेवणे म्हणजे वार्ता पिकविणे नव्हे. आपल्या मागून येणाऱ्यांना मार्ग दिसावा, यासाठीच ती असते. येत्या वर्षी आपल्या प्रत्येक शाखेने निदान एका मंदिराच्या लेखांची वही तयार करावी, आणि पुढील स्मरणिकेच्या पानांत त्यांतील काही लेख वाचावयास मिळावेत, एवढी इच्छा व्यक्त करून आम्ही लेखणी खाली ठेवतो.